माजी सैनिकांचा सन्मान व सहाय्य : सातारा

सैन्यातून निवृत्त झालेले सैनिक, सेवेत अपंगत्व आलेले जवान आणि धारातीर्थी पडलेल्यांची कुटुंबे यांच्यासाठी सातारा शहरात व जिल्ह्यात उभी राहिलेली शासकीय, नागरी आणि गावपातळीवरील व्यवस्था. या व्यवस्थेचा समारंभाचा भाग लोकांच्या नजरेत भरतो. ध्वजवंदन, शाल-श्रीफळ, स्मृतिस्तंभ आणि पुष्पचक्र हे सारे त्यात येते. तिचा दुसरा भाग निवृत्तिवेतन, औषधोपचार, मुलांचे शिक्षण आणि दुसरी नोकरी यांच्याशी बांधलेला आहे आणि तो कार्यालयाच्या टेबलावर चालतो. सातारचे वैशिष्ट्य असे की, येथे हे दोन्ही भाग फार जुने असून एकमेकांत मिसळलेले आहेत. मात्र माजी सैनिकाच्या घराला आधार मिळतो तो प्रामुख्याने दुसऱ्या भागातून.

सैन्यभरतीची सातारची परंपरा सांगताना मराठेशाहीची राजधानी, अजिंक्यतारा आणि छत्रपती शाहूंचा काळ यांचा उल्लेख नेहमी होतो आणि तो योग्यच आहे. तथापि घराघरांतून मुलगा पलटणीत जाण्यामागे जमिनीचेही कारण होते. माण आणि खटाव हे तालुके पर्जन्यछायेत येतात, तर जावळी आणि पाटणच्या डोंगरउतारावर पाऊस उदंड असूनही कसण्याजोगी जमीन थोडी. अशा मुलखात दरमहा येणारी मनिऑर्डर आणि पुढे येणारी पेन्शन हाच कुटुंबाचा रोख पैसा असे. मराठा लाइट इन्फन्ट्री ही १७६८ पर्यंत मूळ सांगणारी रेजिमेंट असून तिचे केंद्र बेळगावला आहे. सातारा, सांगली व कोल्हापूर या पट्ट्यातील तरुण पिढ्यान्‌पिढ्या तेथे जात आले. तोफखाना, सिग्नल्स, इंजिनिअर्स, ई. एम. ई. (सैन्याच्या यंत्रसामग्रीची देखभाल-दुरुस्ती करणारे दल) आणि महार रेजिमेंट यांतही येथील माणसे मोठ्या संख्येने आहेत. गावाकडे निवृत्त जवानाला त्याचा हुद्दा काहीही असला तरी आदराने ‘मेजर’ म्हणूनच हाक मारतात.

निवृत्त सैनिकाने साताऱ्यात बिऱ्हाड करणे ही प्रथा इंग्रजी अमदानीतील छावणीइतकी जुनी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ यांनी सैन्यातील शाळेत मुख्याध्यापक म्हणून काम केले होते. सेवानिवृत्तीनंतर काही काळ दापोलीत राहून ते साताऱ्यास आले व सदर बझार भागात राहिले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांनी मुलाचे नाव सातारच्या सरकारी हायस्कुलात घातले. हेच आजचे प्रतापसिंह हायस्कूल असून महाराष्ट्रात हा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. १८९० च्या दशकाच्या आरंभी सैन्यातील महारांची भरती बंद करण्यात आली होती आणि महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडावे लागले. सन्मान तर दूरच, पुढच्या पिढीला सैन्याचा दरवाजाच बंद झाला होता. अशा वेळी एका पेन्शनर सुभेदाराने मुलाच्या शिक्षणावर सारी भिस्त ठेवली. माजी सैनिकांच्या सातारच्या इतिहासात ही घटना आरंभीच नोंदवावी इतकी महत्त्वाची आहे, कारण पेन्शनरांच्या मुलांचे शिक्षण हाच पुढेही या व्यवस्थेचा कणा ठरला.

स्मरणाच्या बाजूने पाहता अपशिंगे (मिलिटरी) हे सातारा तालुक्यातील गाव सर्वांत परिचित आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ गावात स्तंभ उभारण्यात आला आणि ‘मिलिटरी’ हा शब्द गावाच्या नावाला कायमचा जोडला गेला. घरटी एक तरी माणूस फौजेत, अशी या गावाची ख्याती आजही आहे. पहिल्या महायुद्धानंतर पश्चिम महाराष्ट्रातील अनेक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर संगमरवरी फलक बसवले गेले. गावातून किती जण युद्धावर गेले आणि त्यांपैकी किती जण परतले नाहीत, एवढेच त्यांवर कोरलेले असे. त्या फलकांवर माणसांचा आकडा होता, नावे नव्हती. स्वातंत्र्यानंतरच्या स्मारकांनी ही उणीव भरून काढली. २०२३ मध्ये ‘मेरी माटी मेरा देश’ या मोहिमेत गावोगावी बसवलेल्या शिलाफलकांवरही स्थानिक वीरांची नावे कोरण्याची तरतूद होती.

सहाय्याच्या प्रशासकीय रचनेत केंद्रीय सैनिक बोर्ड, त्याखाली राज्याचा पुणे येथील सैनिक कल्याण विभाग आणि त्याखाली जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अशी उतरंड आहे. सातारच्या कार्यालयाचा प्रमुख जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी असतो आणि हे पद सामान्यतः निवृत्त सैन्याधिकाऱ्याकडे येते. माजी सैनिकाच्या दृष्टीने मात्र अधिक जवळचा माणूस म्हणजे कल्याण संघटक. तोही बहुधा स्वतः माजी सैनिकच असतो. गावी जाऊन वीरपत्नीच्या ओसरीवर बसून अर्ज भरून घेणे, कुणाचे ओळखपत्र अडले आहे, कुणाच्या पेन्शनमध्ये कमी रक्कम येते आहे, कोणती वृद्ध विधवा कार्यालयापर्यंत येऊ शकत नाही, याची खबर ठेवणे हे त्याचे काम. या पदावर काम जाणणारा माणूस असला की योजना गावात पोहोचतात. पद रिकामे राहिले की त्याच योजना कागदावर राहतात.

या कामातील मोठा भाग नोंदी दुरुस्त करण्याचा असतो. सैनिकाच्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे सेवामुक्तीच्या पुस्तिकेत, पत्नीचे नाव माहेरचे, आधार कार्डावर सासरचे आणि बँकेच्या पासबुकात तिसऱ्याच स्पेलिंगने, असे प्रकार सातारच्या ग्रामीण भागात सर्रास आढळतात. भरतीच्या वेळी अंदाजाने लिहिलेली जन्मतारीख, पार्ट टू ऑर्डरमध्ये (सैनिकाच्या कौटुंबिक व सेवाविषयक बदलांची अधिकृत नोंद) न चढवलेला विवाह किंवा मुलाचा जन्म यांचा सैनिक हयात असेपर्यंत फारसा त्रास होत नाही. तो गेल्यावर मात्र कुटुंब निवृत्तिवेतनासाठी पत्नीला प्रतिज्ञापत्रे, राजपत्रातील नावबदल आणि त्याच्या दलाच्या सेवानोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार या साऱ्यातून जावे लागते. रेकॉर्ड ऑफिस बेळगाव, नाशिक रोड, सागर, जबलपूर, सिकंदराबाद असे कोठेही असू शकते. निवृत्तिवेतन पूर्वी बँकांच्या यंत्रणेतून मिळे. आता ते स्पर्श या संगणकीय प्रणालीतून प्रयागराज येथील संरक्षण लेखा कार्यालयामार्फत थेट खात्यात जमा होते. हयातीचा दाखला दरवर्षी, बहुतेकांच्या बाबतीत नोव्हेंबरात, द्यावा लागतो. तो चुकला तर पेन्शन थांबते. ऐंशी वर्षांच्या हवालदाराच्या बोटांचे ठसे यंत्राला उमटत नाहीत तेव्हा त्याला खरी गरज शेजारी उभे राहून पुढची वाट सांगणाऱ्या माणसाची असते. सातारा, कोरेगाव, वडूज, दहिवडी अशा ठिकाणी हे काम माजी सैनिकांच्या संघटना विनामूल्य करतात आणि त्यांच्या कार्याचा हा सर्वांत मोलाचा भाग आहे. ‘समान पद, समान निवृत्तिवेतन’ (निवृत्ती केव्हाही झालेली असो, सारख्या हुद्द्याला व सारख्या सेवेला सारखी पेन्शन) हे धोरण १ जुलै २०१४ पासून लागू झाल्यावर जुन्या पेन्शनरांच्या थकबाकीचे हिशेब समजावून देण्याचा भारही याच संघटनांनी उचलला.

सैनिकाची निवृत्ती इतर नोकरदारांसारखी नसते. शिपाई पदावरील जवानाला १५ वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतन मिळू शकते, म्हणजे अनेक जण पस्तिशी-चाळिशीतच घरी येतात. त्या वेळी मुले शाळेत असतात, आईवडील थकलेले असतात आणि घराचे कर्ज फिटलेले नसते. म्हणून दुसरी नोकरी ही सोय नसून गरज असते. राज्य शासनाच्या गट क व गट ड पदांमध्ये माजी सैनिकांसाठी १५ टक्के समांतर, म्हणजे प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आतच दिले जाणारे, आरक्षण आहे. महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ, म्हणजेच मेस्को, शासकीय आस्थापना व उद्योगांना सुरक्षारक्षक पुरवते. काही जण संरक्षण आस्थापनांचा पहारा करणाऱ्या डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये पुन्हा गणवेश चढवतात. सातारच्या औद्योगिक वसाहतीत, बँकांच्या दारात आणि पुण्याच्या कंपन्यांत सातारचे माजी सैनिक पहारा देताना दिसतात. येथे एक गोष्ट स्पष्ट नोंदवली पाहिजे. रडार, इंजिन किंवा दळणवळण यंत्रणा सांभाळलेल्या तंत्रज्ञाला बाहेर आल्यावर केवळ रखवालदारी मिळावी, हा त्याच्या कौशल्याचा अपव्यय आहे. सैन्यातील प्रशिक्षणाला नागरी प्रमाणपत्रांची समकक्षता मिळवून देणे आणि स्थानिक कारखान्यांनी ती मानणे हा सन्मानाचाच एक भाग समजला जायला हवा.

आरोग्यासाठी १ एप्रिल २००३ पासून ई. सी. एच. एस. ही माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठीची अंशदायी (सभासदाने वर्गणी भरायची) आरोग्य योजना सुरू झाली. साताऱ्यात तिचे पॉलिक्लिनिक असून तेथून गरजेनुसार मान्यताप्राप्त खासगी रुग्णालयांकडे किंवा पुण्याच्या लष्करी रुग्णालयांकडे रुग्ण पाठवले जातात. शहरात राहणाऱ्यास ही व्यवस्था सोयीची आहे. कोयना खोऱ्यातील किंवा माणच्या टोकाच्या गावातील वृद्ध जोडप्याला मात्र रक्तदाबाच्या गोळ्यांसाठीही दिवस मोडून एस. टी. ने यावे लागते. सी. एस. डी. कॅन्टीनमधून, म्हणजे सैनिकांसाठीच्या सवलतीच्या भांडारातून, स्वस्तात मिळणाऱ्या किराणा मालाचेही तसेच आहे. अनेक जण दवाखाना, कॅन्टीन आणि सैनिक कल्याण कार्यालय अशी तिन्ही कामे साताऱ्याच्या एकाच फेरीत उरकतात.

शिक्षणाच्या बाबतीत सातारचे योगदान देशपातळीवरचे आहे. संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांच्या कल्पनेतून आणि मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या पुढाकाराने २३ जून १९६१ रोजी देशातील पहिली सैनिक शाळा साताऱ्यात सुरू झाली. सैनिक शाळांमधील २५ टक्के जागा आजी-माजी सैनिकांच्या पाल्यांसाठी राखीव असतात. २०२१-२२ पासून या शाळांत मुलींनाही प्रवेश मिळू लागला. जिल्ह्यातील गावांतून शिकायला येणाऱ्या मुलामुलींसाठी सैनिक कल्याण विभागाची वसतिगृहे आहेत, तर व्यावसायिक शिक्षणासाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेतून २०१९-२० पासून मुलींना दरमहा ३,००० व मुलांना २,५०० रुपये असा दर ठरला. सातारच्या सैनिक शाळेचे विद्यार्थी कर्नल संतोष महाडिक हे सातारा तालुक्यातील पोगरवाडीचे. ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमान अधिकारी असताना १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाडा भागात दहशतवाद्यांशी लढताना त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर शौर्यचक्र प्रदान करण्यात आले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक प्रशिक्षण पूर्ण करून २०१७ मध्ये सैन्यात अधिकारी झाल्या. वीरपत्नी म्हणजे केवळ मदत घेणारी व्यक्ती, ही समजूत त्यांच्या निर्णयाने जिल्ह्यात पुष्कळ सैल केली.

सन्मानाच्या दिवसांचे एक वार्षिक चक्रच येथे आहे. १४ जानेवारी हा माजी सैनिक दिन असतो, कारण फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ मध्ये याच दिवशी निवृत्त झाले. २६ जुलैला कारगिल विजय दिन आणि ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन येतो. ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो. त्या दिवशी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली ध्वजनिधी संकलनाचा शुभारंभ होतो, प्रत्येक जिल्ह्याला उद्दिष्ट ठरवून दिले जाते आणि वीरमाता, वीरपिता व वीरपत्नींचा सत्कार केला जातो. निधीतील पैसा वसतिगृहे, आर्थिक मदत आणि पुनर्वसन यांवर खर्च होतो, त्यामुळे शाळेतल्या मुलाने छातीला लावलेला छोटा ध्वजही या व्यवस्थेला हातभार लावतो. कराडला डिसेंबरच्या मध्यास भरणारा विजय दिवस समारोह हा जिल्ह्यातील सर्वांत मोठा लोकोत्सव. निवृत्त कर्नल संभाजी पाटील यांच्या पुढाकाराने तो सुरू झाला. १६ डिसेंबर १९७१ च्या विजयाचे स्मरण म्हणून सैन्याची प्रात्यक्षिके आणि वीर कुटुंबांचे सत्कार तेथे होतात आणि खेड्यापाड्यांतून लोक सहकुटुंब येतात.

जवान धारातीर्थी पडला की त्याच्या गावचा रस्ता माणसांनी फुलून जातो, शाळेची मुले दुतर्फा उभी राहतात, बंदुकीच्या फैरींची मानवंदना होते आणि घडी केलेला तिरंगा पत्नीच्या हाती दिला जातो. हा शोक खरा असतो. त्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. कसोटी लागते ती त्यानंतरच्या वर्षांत. व्यासपीठावर शाल पांघरलेल्या त्याच स्त्रीला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावले जात नाही, हे चित्र पश्चिम महाराष्ट्राला नवे नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्यानंतर राज्य शासनानेही इतर ग्रामपंचायतींना तसे आवाहन केले. वीरपत्नींच्या सन्मानाचा विचार करताना या ठरावाचे मोल कोणत्याही सत्काराहून कमी नाही.

नागरी संस्थांच्या हाती असलेली सर्वांत ठोस तरतूद मालमत्ता करमाफीची आहे. २०२० मध्ये राज्य शासनाने माजी सैनिक व सैनिकांच्या विधवा पत्नींना एका निवासी मालमत्तेवरील कर माफ करण्याचा निर्णय घेतला आणि तो नगरपालिका व ग्रामपंचायती या दोन्हींना लागू झाला. त्याआधी शहरात घर बांधलेल्या जवानाला आणि गावातल्या त्याच्या भावबंदाला वेगवेगळे नियम लागत असत.

२०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने या साऱ्या रचनेपुढे नवा प्रश्न ठेवला आहे. या योजनेतून भरती होणाऱ्या अग्निवीराची सेवा चार वर्षांची असून त्यांपैकी कमाल २५ टक्के जणांना पुढे नियमित सेवेत घेण्याची तरतूद आहे. बाहेर पडणाऱ्यांना सेवानिधीची एकरकमी रक्कम मिळते. मात्र पेन्शन, ई. सी. एच. एस. आणि माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही. पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाले. सैनिक कल्याण कार्यालय, वसतिगृहे, करमाफी आणि आरक्षण ही सारी व्यवस्था पेन्शनर सैनिक डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली आहे. बावीस-पंचविसाव्या वर्षी गावी परतणाऱ्या तरुणाला मात्र औषधे किंवा कॅन्टीनपेक्षा पदवी, व्यवसाय-प्रशिक्षण आणि नोकरीची गरज अधिक असणार. ज्या जिल्ह्यात भरतीसाठी मुले पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात, तेथे चार वर्षांनंतरच्या या परतीची तयारी जिल्हा परिषद, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि स्थानिक उद्योग यांनी मिळून करणे आवश्यक आहे.