रंगवलेले प्राणीपुतळे (शहरभर मांडायची कला)

एकाच साच्यातून काढलेले गायी, हत्ती, अस्वलं असे फायबरचे पुतळे वेगवेगळ्या कलाकारांकडे रंगवायला द्यायचे, काही आठवडे ते चौकात, बागेत, स्टेशनाबाहेर उभे करायचे आणि मग बऱ्याचदा लिलाव करून पैसा एखाद्या चांगल्या कामाला द्यायचा, अशी ही पद्धत. मूळ झ्युरिकचं, तिथे १९८६ ला सिंह मांडले होते आणि १९९८ ला गायी, त्या गायींची कल्पना पुढच्याच वर्षी शिकागोने उचलली आणि 'काऊ परेड' जगभर गेली. बर्लिनची अस्वलं २००१ ची. 'एलिफंट परेड' २००७ ला रॉटरडॅममधे सुरू झाली, भूसुरुंगात पाय गमावलेल्या मोशा नावाच्या थायलंडमधल्या पिल्लावरून ती सुचली.

आपल्या किनाऱ्यावर हे हत्ती २०१८ ला मुंबईत आले, १०१ होते, आणि आकडा उगाच नव्हता, देशातल्या १०१ हत्तीमार्गांसाठी पैसा उभा करायचा होता. पण तळकोकणात हत्ती म्हणजे नुसती शोभा नाही. कर्नाटकातून उतरलेले रानहत्ती दोडामार्गात गेली वीसेक वर्षं माड, केळी, सुपारी मोडतायत, त्यामुळे तिकडच्या एखाद्या एसटी स्टँडवर रंगीत हत्ती उभा केला तर लोक त्याच्याकडे मुंबईकरांच्या नजरेने बघणार नाहीत, आणि रंगवणाऱ्याने हे धरूनच चित्र काढायला हवं.

काम कसं चालतं तर साच्यातून सुटावा म्हणून लावलेलं मेण पुतळ्याच्या अंगावर राहिलेलं असतं, ते नीट धुवायचं, पॉलिश पेपर मारायचा, प्रायमर द्यायचा, मग ॲक्रिलिक आणि शेवटी उन्हाला टिकणारा क्लिअर कोट. हवेत ओल असताना हा कोट मारला की तो दुधाळ पडतो आणि खालचा लाल-निळा सगळा मेल्यासारखा दिसतो, म्हणून कोकणात हे काम पावसाआधीच उरकलेलं बरं.

खरी कसोटी आकाराची आहे. वारली चित्र गेरूच्या सपाट भिंतीवरचं, तेच तसंच्या तसं हत्तीवर चढवलं तर खांद्यापाशी झोपडीची सरळ रेघ वाकते आणि सगळंच बिघडतं, पण तारपा नाचाची गोल फिरणारी रांग पोटावर अशी बसते की जणू पोट तिच्यासाठीच केलंय. चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या पिंगुळीच्या चित्रकथीत एकेक प्रसंग वेगळ्या कागदावर असतो, त्यामुळे दोन कुशींवर दोन प्रसंग सरळ मांडता येतात. सावंतवाडीच्या गंजिफाचं, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांचं, गोल पान कानावर छान जाईल असं मला वाटतं.

डोळ्यांचं मात्र खूपजण वाटोळं करतात, नक्षी डोळ्यावरूनच पुढे नेतात आणि प्राणी जातो, उरतं फक्त डिझाइन. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी मुरलेल्या हाताकडेच देतात, नवख्याला तिथे ब्रश लावू देत नाहीत. तीच शिस्त इथे हवी.

सोंड आणि पाठ इथे मात्र कोट दोनदा मारावा, पोरं चढायची थांबत नाहीत.