पोर्झिंगिससाठी बॉस्टनने काय मोजलं : पार्श्वभूमी

बास्केटबॉलपटू क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस जून २०२३मध्ये एनबीए या अमेरिकी लीगमधल्या बॉस्टन सेल्टिक्सकडे आला आणि जून २०२५मध्ये अटलांटाला गेला. मधल्या दोन मोसमांत साखळीतल्या १६४ पैकी ९९ सामन्यांत तो खेळला आणि संघाने एक विजेतेपद पटकावलं. हा ट्रेड, म्हणजे संघांमधली खेळाडूंची अदलाबदल, फळला की फसला, यावर चाहत्यांमध्ये अजूनही हमरीतुमरी चालते. एक बाजू विजेतेपदाकडे बोट दाखवते, दुसरी त्याने बाहेर बसून काढलेल्या ६५ सामन्यांकडे. दोघांचाही हिशेब अर्धाच आहे, कारण त्या सौद्यात पोर्झिंगिस एकटा आला नव्हता.

दुखऱ्या पायांच्या उंच खेळाडूवर डाव लावणं बॉस्टनला नवं नाही. सप्टेंबर १९८५मध्ये त्यांनी सेड्रिक मॅक्सवेल आणि पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा पिक (ड्राफ्ट या वार्षिक निवडीत नवा खेळाडू घेण्याचा हक्क) देऊन क्लिपर्स संघाकडून बिल वॉल्टनला घेतलं. मॅक्सवेल १९८१च्या अंतिम मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू, तर वॉल्टन पावलाच्या दुखण्यापायी तीन अख्खे मोसम गमावलेला. पहिल्या वर्षी वॉल्टन ८० सामने खेळला, कारकिर्दीतले सर्वाधिक. संघाचे ६७ विजय, १५ पराभव; घरच्या सामन्यांत ४०-१, वर विजेतेपद. दुसऱ्या वर्षी साखळीत अवघे १० सामने, तिसऱ्या वर्षी एकही नाही. दिलेल्या पिकवर पोर्टलंडने अर्विदास साबोनिसला निवडलं, पण तो तिथे खेळायला उतरला १९९५मध्ये. त्या ट्रेडला आज कुणी नावं ठेवत नाही.

पोर्झिंगिसचा इतिहास वॉल्टनइतका भीषण नसला, तरी धास्ती वाटावी असाच होता. २०१५च्या ड्राफ्टमध्ये न्यूयॉर्कने चौथ्या क्रमांकावर घेतलेला हा ७ फूट २ इंचांचा लाटव्हियन सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) फेब्रुवारी २०१८मध्ये डाव्या गुडघ्याचं लिगामेंट फाटल्याने कोसळला आणि पुढचा पूर्ण मोसम बाहेर बसला. त्याच अवस्थेत डॅलसने त्याला घेतलं. २०२०च्या प्लेऑफमध्ये (साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत) दुसरा गुडघाही दुखावला. फेब्रुवारी २०२२मध्ये डॅलसने त्याला वॉशिंग्टनला देऊन टाकलं. वॉशिंग्टनसारख्या तळाशी रेंगाळणाऱ्या संघात २०२२-२३मध्ये तो ६५ सामने खेळला आणि सरासरी २३.२ गुण काढले. बॉस्टनने नेमकं तेवढं वर्ष पाहून पाऊल उचललं, असं टीकाकार म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण बॉस्टनची गरजही तितकीच खरी होती. २०२२ची अंतिम मालिका गमावलेली. २०२३मध्ये मायामीविरुद्ध ०-३ वरून ३-३ करून सातवा सामना घरच्या मैदानात हरलेला. आक्रमण अडलं की चेंडू घेऊन उभं राहायचं आणि लांबून फेकायचं, एवढंच उरायचं. तीन गुणांच्या रेषेबाहेर उभा राहून प्रतिस्पर्धी सेंटरला बास्केटपासून दूर खेचणारा, आणि छोटा बचावपटू अंगावर आला तर त्याच्या डोक्यावरून शांतपणे टाकणारा माणूस त्यांच्याकडे नव्हता.

आता वादाचा मुद्दा. पोर्झिंगिससाठी बॉस्टनने अखेर मार्कस स्मार्टला दिलं, पण मूळ सौद्यात त्याचं नाव नव्हतं. बॉस्टन माल्कम ब्रॉगडनला क्लिपर्सकडे पाठवणार होतं आणि तीन संघांच्या अदलाबदलीत पोर्झिंगिस मिळणार होता. क्लिपर्सला ब्रॉगडनच्या हाताच्या दुखापतीची शंका आली आणि सौदा मोडला. घड्याळ अंगावर येत होतं : पोर्झिंगिसला पुढच्या वर्षाचा ३ कोटी ६० लाख डॉलरचा करार मध्यरात्रीपर्यंत स्वीकारायचा होता. तो न स्वीकारता मोकळा झाला असता, तर पगारमर्यादेच्या वर असलेल्या बॉस्टनला त्याला घेण्याची वाटच उरली नसती. काही तासांत मेम्फिस पुढे आलं आणि त्यांना स्मार्ट हवा होता.

स्मार्ट म्हणजे नऊ वर्षं बॉस्टनच्या बचावाचा कणा. २०२२चा सर्वोत्तम बचावपटू; २५हून अधिक वर्षांत हा मान मिळवणारा पहिला गार्ड (बास्केटपासून दूर, चेंडू हाताळणारा खेळाडू). सुटणाऱ्या चेंडूवर जमिनीवर झेप घेणारा, पंचांशी भांडणारा, सहकाऱ्यांनाही पत्रकारांसमोर सुनावणारा. त्याला एका रात्रीत देऊन टाकल्याचा सल बॉस्टनमध्ये बराच काळ राहिला, आणि तो रास्तच होता. पुढे मेम्फिसमध्ये पाय आणि बोटाच्या दुखापतींमुळे तो पहिल्या मोसमात २० सामने खेळला, दुसऱ्यात १९, मग तेही त्याला देऊन मोकळे झाले. ट्रेडचे समर्थक हे आकडे फार हौसेने मांडतात : बघा, ज्याला धडधाकट म्हणत होतात तोच कमी खेळला. हा युक्तिवाद मला पटत नाही. स्मार्ट असा दुखावेल हे त्या रात्री कुणाला ठाऊक नव्हतं. नशिबाने वाचलेल्या पैशाला दूरदृष्टी म्हणता येत नाही.

खरा पुरावा वेगळा आहे. मेम्फिसने स्मार्टच्या बदल्यात पहिल्या फेरीचे दोन पिक बॉस्टनला दिले : २०२३चा २५वा आणि गोल्डन स्टेटचा २०२४चा. पहिल्याची अदलाबदल करत करत बॉस्टन दुसऱ्या फेरीतल्या पिकपर्यंत उतरलं. दुसरा मात्र सोन्याचा ठरला. १ ऑक्टोबर २०२३ला, मोसम तोंडावर असताना, मिलवॉकीकडून नुकताच पोर्टलंडच्या हाती आलेला ड्रू हॉलिडे बॉस्टनने उचलला. बदल्यात गेले ब्रॉगडन, रॉबर्ट विल्यम्स, बॉस्टनचा स्वतःचा २०२९चा पिक आणि हा गोल्डन स्टेटचा पिक. जूनमधला मूळ सौदा पार पडला असता, तर पगार जुळवायला ब्रॉगडन नसता आणि पोर्टलंडला द्यायला तो पिकही नसता. हॉलिडे बॉस्टनला मिळालाच नसता. स्मार्ट गेल्याने बचावात पडलेली पोकळी हॉलिडेने भरली, तीही कमी गडबडीत आणि नेमक्या शॉट्ससह. क्लिपर्सच्या शंकेने बॉस्टनचं भलं केलं. फक्त पोर्झिंगिसच्या हजेरीपटावर ट्रेड जोखणाऱ्यांच्या नजरेतून हे सगळं निसटतं.

हजेरीपटाबद्दल बोलायचंच तर २०२३-२४मध्ये तो ५७ सामने खेळला, सरासरी २०.१ गुण, आणि बॉस्टन ६४-१८. मायामीविरुद्ध पहिल्या फेरीच्या चौथ्या सामन्यात पोटरी दुखावली आणि तो दहा सामने बाहेर बसला. अंतिम मालिकेत पहिले दोन सामने, मग डाव्या घोट्याजवळचा स्नायुबंध जागेवरून सरकल्याने दोन सामने बाहेर, आणि शेवटच्या सामन्यात १६ मिनिटं. एकूण प्लेऑफमध्ये तो असताना बॉस्टन ६-१, नसताना १०-२. हे आकडे पाहून त्याच्याशिवायही विजेतेपद आलंच असतं, असं म्हणणारे चुकीचे आहेत असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. अंतिम मालिकेआधीच्या, पूर्व विभागाच्या प्लेऑफमध्ये तर ते खरंच होतं.

पण अंतिम मालिकेचा पहिला सामना पाहिलेल्यांना ते पटणं कठीण. ६ जून २०२४, आपल्याकडे ७ची सकाळ. समोर डॅलस, म्हणजे त्याला देऊन टाकणारा जुना संघ. ३८ दिवसांनी तो बाकावरून उतरला आणि पहिल्याच क्वार्टरमध्ये डॅलसच्या बचावाची घडी विस्कटली. अंगावर आलेल्या बुटक्या खेळाडूच्या डोक्यावरून तो टाकत होता आणि दुसऱ्या टोकाला बास्केटपाशी येणारे चेंडू परतवत होता. मध्यंतरापर्यंत १८ गुण. एकूण २१ मिनिटांत २० गुण, ६ रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू), ३ ब्लॉक (अडवलेल्या फेकी). बॉस्टन १०७-८९ जिंकलं. मालिकेचा सूर तिथेच लागला आणि ती बॉस्टनने ४-१ने जिंकली. एका विजेतेपदाच्या वर्षाला एवढं योगदान पुरतं का? मला पुरतं वाटतं.

दुसरं वर्ष त्या मानाने निस्तेज. घोट्याजवळच्या त्याच दुखापतीवरच्या शस्त्रक्रियेमुळे तो नोव्हेंबर २०२४च्या शेवटी परतला, ४२ सामने खेळला, आणि मार्चपासून एका चिवट आजाराने त्याची ताकद पार शोषून घेतली. न्यूयॉर्कविरुद्ध दुसऱ्या फेरीत बॉस्टनने पहिल्या दोन सामन्यांत २० गुणांची आघाडी घालवली, तेव्हा तो काही मिनिटांतच धापा टाकत बाकावर परतताना दिसत होता. बॉस्टन ४-२ने बाहेर.

त्यानंतरची पाठवणी त्याच्या तब्येतीपेक्षा पैशामुळे झाली. २०२३च्या नव्या करारनाम्याने आणलेली ‘सेकंड एप्रन’ ही पगारपट्टीची वरची रेषा ओलांडलेल्या संघाला दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून ट्रेड करता येत नाही आणि दूरच्या वर्षांचे पिक गोठतात. २०२५-२६साठी बॉस्टनचा पगार आणि कर मिळून ५० कोटी डॉलरच्या घरात जाणार होता. जून २०२५मधल्या काही दिवसांत हॉलिडे पोर्टलंडला आणि पोर्झिंगिस अटलांटाला गेला. पोर्झिंगिसच्या बदल्यात बॉस्टनच्या हाती पडला जॉर्ज नियांग आणि दुसऱ्या फेरीचा एक पिक. ऑगस्टमध्ये नियांगलाही युटाला धाडलं, त्याच्या पगाराचं ओझं घ्यावं म्हणून सोबत दुसऱ्या फेरीचे दोन पिक देऊन.