फो आणि बुन बो ह्वे : दिसायला जवळचे, पण वळण निराळं

व्हिएतनामला पाठीवर पिशवी टाकून जाऊन आलेल्यांच्या फोटोंमध्ये एक वाडगा हमखास असतो. वाफाळता रस्सा, तांदळाच्या नूडल्स, मांसाचे काप आणि वर हिरवा पाला. खाली लिहिलेलं असतं, ‘फो’. पण त्यांतल्या काही वाडग्यांत लाल तर्री तरंगताना दिसते आणि नूडल्स गोल, चांगल्या जाड असतात. तो फो नाही. ते बुन बो ह्वे, मध्य व्हिएतनाममधल्या ह्वे शहराचं. हॉस्टेलांच्या इंग्रजी पाट्यांवर दोन्हींना ‘बीफ नूडल सूप’ म्हणतात, त्यामुळे गोंधळ वाढतो. अनेकजण बुन बो ह्वेला तिखट फो समजून खातात आणि मग त्यात फो शोधत बसतात. तसं केलं की दोन्हींची चव हातची जाते, असं मला मनापासून वाटतं.

आमचा प्रवास हनोईहून रेल्वेने दक्षिणेकडे झाला. हनोई ते सायगॉन (आजचं हो ची मिन्ह शहर) हा लोहमार्ग १७२६ किलोमीटरचा आणि ह्वे स्टेशन ६८८व्या किलोमीटरवर. संध्याकाळी हनोईत गाडीत बसायचं, सकाळी ह्वेला उतरायचं. हनोईत सकाळच्या न्याहारीला फो आणि एका रात्रीनंतर ह्वेत बुन बो, अशी दोन्हींची गाठ लागोपाठ पडली, तेव्हा फरक जिभेला लगेच कळला. तो शब्दांत मांडायला मात्र बराच काळ गेला.

सुरुवात नूडल्सपासून करू, कारण वाडगा समोर आल्या आल्या तपासता येते ती हीच गोष्ट. फोच्या नूडल्स चपट्या. तांदूळ भिजवून, वाटून केलेलं पातळ पीठ उकळत्या पाण्यावर ताणून बांधलेल्या कापडावर पसरतात, झाकण ठेवून वाफवतात, अलगद उचलतात आणि त्या पातळ पोळीच्या पट्ट्या कापतात. बुन मात्र गोल असते. तांदळाचं पीठ छिद्रांतून दाबून सरळ उकळत्या पाण्यात सोडतात. कोकणात सोऱ्यातून शिरवाळे पडताना ज्यांनी पाहिलेत त्यांना हे सांगायला नको. ह्वेच्या बुन बोसाठी ही बुन नेहमीपेक्षा जाड घेतात, कारण रस्सा जड असतो आणि बारीक बुन त्यात हरवून जाते. योगायोग असा, की फोच्या कारागिरांसाठी नावाजलेलं पूर्वीच्या नाम दिन्ह प्रांतातलं गाव व्हान कू आणि ह्वेजवळ बुन बनवणारं गावही व्हान कूच. नाव एक, गावं दोन, मधे शेकडो किलोमीटर.

खरा फरक पातेल्यात आहे. फो तसा जुना पदार्थ नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तरेत, नाम दिन्ह आणि हनोईच्या परिसरात तो रुळला. शेतकऱ्याचा बैल नांगरासाठी असे, फ्रेंच अमलात गोमांसाची मागणी वाढली आणि हाडं स्वस्तात मिळू लागली. खांद्यावर कावड घेऊन, एका बाजूला रश्श्याचं पातेलं आणि दुसऱ्या बाजूला नूडल्स-वाडगे, असे फेरीवाले गल्लोगल्ली फो विकत. हाडांचा रस्सा, पण नितळ, हे त्याचं सगळं कौशल्य. हाडं आधी उकळून पहिलं पाणी फेकून देतात, मग मंद आचेवर तासन् तास ठेवतात आणि फेस काढत राहतात. खळखळून उकळी आली तर चरबी रश्श्यात मिसळते आणि रस्सा गढूळ होतो, म्हणून आचेवर सतत नजर. आलं आणि कांदा सालासकट विस्तवावर काळे होईपर्यंत भाजतात, वरचं जळकं साल काढून पातेल्यात टाकतात. चक्रीफूल, दालचिनी, लवंग, धणे आणि थाओ क्वा नावाची धुरकट वासाची मोठी वेलची, हे सगळं कोरडं भाजून पुरचुंडीत. खारटपणा येतो तो मुख्यतः माशाच्या पाण्यातून, न्योक माममधून. इतकं सगळं घालूनही चांगल्या फोत एकही मसाला पुढे येऊन बोलत नाही. मला फोचं सर्वांत जास्त कौतुक वाटतं ते याचंच.

बुन बो ह्वेत नेमकं उलटं. तिथे दोन वास सरळ पुढे येतात: गवती चहाचा आणि माम रुओकचा. गवती चहाचे दांडे ठेचून, जुडी बांधून रश्श्यात सोडतात. माम रुओक म्हणजे मीठ घालून मुरवलेली बारीक कोळंबीची जांभळट पेस्ट. ही कोळंबी आपल्या जवळ्याच्याच जातकुळीतली. पेस्ट तशीच ओतत नाहीत. थंड पाण्यात कालवून गाळ खाली बसू देतात आणि वरचं निवळ पाणी तेवढं रश्श्यात घालतात. हे नीट केलं नाही तर उग्र वास राहतो. नीट केलं तर रश्श्याला अशी खोली येते, की ती हाडांमुळे नसून कशामुळे आहे हे ओळखताच येत नाही. पातेल्यात बैलाच्या पायाचं मांस आणि डुकराचे खूर एकत्र शिजतात. वाडग्यात वरून मांसाचे वळलेले, वाफवलेले गोळे आणि पुष्कळदा गोठवलेल्या रक्ताचे चौकोनी तुकडे येतात. रक्त नको असेल तर मागवतानाच सांगावं, दुकानदाराला त्यात काही वावगं वाटत नाही.

आता त्या लाल तर्रीबद्दल. ती पाहून बरेचजण घाबरतात. पण तो रंग मुख्यतः मिरचीचा नसून शेंदरी नावाच्या झाडाच्या बियांचा. बिया तेलात मंद तापवून काढून टाकतात आणि त्याच तेलात बारीक गवती चहा, लहान कांदे आणि मिरची परततात. मध्य व्हिएतनाममध्ये उत्तरेपेक्षा तिखट नक्कीच जास्त खातात, तरी झणझणीत खाणाऱ्या मराठी माणसाला हा वाडगा मवाळच वाटेल. टेबलावर वेगळी ठेवलेली मिरची मात्र जपून घ्यावी.

गोंधळाचं आणखी एक कारण आहे दक्षिणेत. व्हिएतनामच्या १९५४च्या फाळणीनंतर उत्तरेतले लाखो लोक दक्षिणेत आले आणि फोही सायगॉनमध्ये रुजला. तिथे तो गोडसर झाला. सोबत तुळशीची पानं, मोड आलेले मूग, लिंबू आणि गोड काळं सॉस अशी भरगच्च ताटली मिळू लागली. हनोईत कांद्याची पात, लसूण घातलेलं व्हिनेगर, फार तर तळलेल्या पिठाच्या कांड्या, एवढ्यावर भागतं. म्हणून सायगॉनमध्ये फो आणि बुन बो दोन्हींशेजारी हिरवा ढीग दिसतो आणि नवखा फसतो. अशा वेळी पाला निरखून पाहावा. फोसोबत अख्खी पानं येतात, ती आपण खुडून टाकायची. बुन बोसोबत केळफूल अगदी बारीक चिरून येतं, कधी सॅलडची पानं आणि पुदिना. गोड काळं सॉस फोच्या टेबलावरचं. बुन बोत ते घालू नये, माम रुओकची चव पार झाकली जाते.

खाण्याची रीतही निराळी. फो आला की लिंबू पिळण्याआधी दोन चमचे नुसता रस्सा प्यावा, रात्रभराची मेहनत त्यातच असते. पातळ कच्चे काप मागवले असतील तर ते वर ओतलेल्या उकळत्या रश्श्यात शिजतात, म्हणून गप्पांत वेळ घालवू नये. बुन बोत मात्र पाला, केळफूल, लिंबू आधीच मिसळलेलं बरं. त्या जड रश्श्याला आंबट आणि कोवळं काहीतरी लागतंच.

गोमांस न खाणाऱ्यांना फोत सोपा पर्याय आहे, कोंबडीचा ‘फो गा’, तोही हनोईत मानाचा. बुन बोला असा सरळ पर्याय नाही, रश्श्यातच दोन्ही मांसं असतात. शाकाहाऱ्यांनी ‘चाय’, म्हणजे व्हिएतनामीत शाकाहारी, असं लिहिलेली खानावळ शोधावी. बौद्ध परंपरेमुळे अनेक व्हिएतनामी लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस टाळतात. मठ-विहारांच्या ह्वेत शाकाहारी स्वयंपाक फार निगुतीने होतो आणि बुन बोची बिनमांसाची आवृत्तीही मिळते.

घरी करायचं मनात असेल तर फो गापासून सुरुवात करा. अख्खी कोंबडी, भाजलेलं आलं-कांदा, चक्रीफूल आणि मंद आच, एवढं आपल्या स्वयंपाकघरात जमतं. बुन बोसाठी गवती चहा दारात असेल, पण सुका जवळा वाटून माम रुओकचं काम होत नाही, कारण तो मुरवलेला नसतो. शहरांतल्या आशियाई सामानाच्या दुकानांत थाई कोळंबी-पेस्ट मिळते. ती घट्ट आणि खूप खारट असते, तेव्हा पाव चमच्यापासून सुरुवात करावी आणि मीठ सगळ्यात शेवटी घालावं.