टेबलावर चालणारा बोर्ड प्रेसवर का अडखळतो?
(स्ट्रोक काउंटर बोर्ड करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

पॉवर प्रेसचे स्ट्रोक मोजायचे, ठरलेला आकडा भरला की प्रेस थांबवायची आणि लाइट गेली तरी आकडा पुसला जाऊ द्यायचा नाही. काम एवढंच दिसतं. नमुना बोर्ड टेबलावर लवकर चालूही होतो. वेळ खातं ते त्याला तुमच्या पॅनेलमध्ये टिकवणं. कोटेशनमध्ये ‘चाचणी’ म्हणून जी ओळ असते, तिच्यात काय काय येतं ते इथे दिलं आहे.

लाइट जाते तेव्हा

बोर्डावर एटीमेगा ३२८पी हा मायक्रोकंट्रोलर आहे. त्याच्या ईईप्रॉमची (लाइट गेली तरी न पुसली जाणारी मेमरी) एकेक जागा सुमारे १,००,००० वेळा लिहिता येते. ऐकायला भरपूर वाटतं. पण मिनिटाला ६० स्ट्रोक मारणाऱ्या प्रेसवर दर स्ट्रोकला त्याच जागी आकडा लिहिला, तर ही मर्यादा २८ तासांत संपते. मिनिटातून एकदाच लिहिला तरी रात्रंदिवस चालणाऱ्या प्रेसवर ६९ दिवस. त्यानंतर मेमरी लगेच मरत नाही, पण तिच्यावर विसंबता येत नाही.

म्हणून चालू आकडा रॅममध्ये (लाइट गेली की पुसली जाणारी मेमरी) राहतो आणि लाइट जाताना एकदाच लिहिला जातो. १२ व्होल्टची लाइन १० व्होल्टवर उतरली की प्रोसेसरला इशारा मिळतो. प्रोसेसरला स्थिर व्होल्टेज देणारा रेग्युलेटर ७ व्होल्टपर्यंत तग धरतो. एक बाइट लिहायला ३.४ मिलिसेकंद लागतात. आकडा आणि चेकसम (आकडा बरोबर लिहिला गेला का ते पडताळणारी बेरीज) मिळून ८ बाइट, म्हणजे साधारण २७ मिलिसेकंद. तेवढा वेळ २० मिलिअँपिअर पुरवायला हिशेबाने १८० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पुरतो. आम्ही १,००० चा बसवतो, कारण कपॅसिटर वयाबरोबर उतरतो: १०५ अंशांना २,००० तासांचा माल ६५ अंश तापणाऱ्या पॅनेलमध्ये ३२,००० तासांच्या आसपास जातो, म्हणजे अखंड चालल्यास साडेतीन वर्षांच्या थोडं पुढे. रिलेला सप्लाय कपॅसिटरच्या आधीच्या डायोडच्या (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) अलीकडून दिलेला असतो, नाहीतर साठवलेली वीज रिलेच पिऊन टाकेल.

कॉन्टॅक्टर पडतो तेव्हा

कॉन्टॅक्टर म्हणजे मोटर चालू-बंद करणारा, कॉइलवर चालणारा स्विच. सर्वाधिक तक्रारी इथल्याच. कॉइल सुटताना जो झटका उठतो तो सेन्सरच्या वायरवर चढतो आणि काउंटर प्रेस बंद असताना दोन-चार आकडे पुढे सरकतो, किंवा बोर्ड रीसेट होतो. यावर उपाय कॉइलच्या टर्मिनलवरच करायचा: २३० व्होल्ट एसी कॉइलला १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड (एक्स-२ वर्ग, २७५ व्होल्ट) यांचा स्नबर (झटका शोषून घेणारी जोडी). कॉइल ४१५ व्होल्टची असेल तर हाच स्नबर लावू नका, आम्हाला आधी सांगा. डीसी रिलेला १एन४००७ डायोड उलटा जोडलेला असतो. एसी कॉइलवर मात्र डायोड चालत नाही. सेन्सरची केबल मोटरच्या वायरपासून निदान ३० सेंटिमीटर दूर न्यावी आणि तिचं शील्ड फक्त पॅनेलच्या बाजूने अर्थ करावं. वायरमन मंडळी दोन्ही टोकं अर्थ करून ठेवतात, तिथे हमखास गडबड होते.

५११ चा घोळ

हा प्रोसेसर ८ बिटांचा आहे, त्यामुळे २५५ च्या पुढचा आकडा दोन तुकड्यांत वाचला जातो. आकडा २५५ असताना प्रोग्रामने खालचा तुकडा वाचला, तेवढ्यात सेन्सरचा इंटरप्ट (हातातलं काम थांबवून आधी हाताळायचा इशारा) येऊन आकडा २५६ झाला आणि मग वरचा तुकडा वाचला, तर हाती येतात ५११. टार्गेट ५०० असेल तर प्रेस निम्म्यातच थांबते. टेबलावर दिवसभर बोर्ड चालवूनही हे सापडेलच असं नाही. वाचताना इंटरप्ट क्षणभर बंद ठेवणं हा साधा उपाय आहे, पण तो प्रत्येक ठिकाणी केला आहे ना, हे कोड ओळीओळीने वाचूनच पाहावं लागतं.

मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा टायमर ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो. तेवढे दिवस वाट बघत बसत नाही. टायमर मर्यादेच्या ५ मिनिटं अलीकडून सुरू करून चाचणी घेतो. मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही: २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान नियामकाला बोइंग ७८७ बद्दल आदेश काढावा लागला, कारण जनरेटर कंट्रोल युनिट २४८ दिवस अखंड चालू राहिली तर आतला काउंटर ओसंडत होता.

प्रोग्राम अडकला तर वॉचडॉग बोर्ड पुन्हा सुरू करतो. त्याला टायमर इंटरप्टमधून ‘जिवंत आहे’ असं कळवत राहणं ही नेहमीची चूक. मुख्य प्रोग्राम गारठला तरी इंटरप्ट चालूच असतो.

ऑर्डरसोबत काय कळवावं

प्रेसचा जास्तीत जास्त वेग. सेन्सर पीएनपी की एनपीएन (सेन्सरच्या आउटपुटचे दोन प्रकार). कॉइलचं व्होल्टेज. पॅनेल उघडून काढलेला एक फोटो. मिनिटाला ३०० स्ट्रोकपर्यंत (दर २०० मिलिसेकंदांना एक) आमचा २० मिलिसेकंदांचा फिल्टर (त्याहून छोटे पल्स गाळणारा) आणि पीसी ८१७ ऑप्टोकपलर (सिग्नल प्रकाशाने पलीकडे नेणारा भाग) पुरतात. फेरीला १,००० पल्स देणारा एन्कोडर (शाफ्टचं फिरणं मोजणारा सेन्सर) १,५०० आरपीएमवर लावायचा असेल तर सेकंदाला २५,००० पल्स येतात, दर ४० मायक्रोसेकंदांना एक. तो फिल्टर तिथे एकही पल्स पुढे जाऊ देणार नाही. त्यासाठी ६एन१३७ हा वेगवान ऑप्टोकपलर असलेला वेगळा बोर्ड लागेल.

इमर्जन्सी स्टॉप आणि लाइट कर्टन (हात आत गेला की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा) या बोर्डातून घेऊ नयेत. ते सेफ्टी रिलेतून थेट वायरिंगनेच जोडावेत. बोर्डाच्या भरवशावर ते जोडून देण्याचं काम आम्ही घेत नाही.