समुपदेशनातला 'उपदेश'

या शब्दावर माझा जुना राग आहे. समुपदेशन! उपदेश त्यात आधीच घुसलेला. मग परवा लग्नाच्या पंगतीत ऐकलं तसं ऐकावं लागतं : "पैसे मोजून सल्लाच घ्यायचा ना? तो आमचे काका फुकट देतात."

अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात १९४०च्या सुमारास मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी समुपदेशनाची सत्रं ध्वनिमुद्रित केली. एक तबकडी भरली की दुसरी चालू. तोवर बंद दाराआड काय घडलं, हे समुपदेशकाच्या आठवणीवरच. शब्द मोजले तेव्हा दिसलं, की सल्ला देणारे समुपदेशक ऐकून घेणाऱ्यांच्या जवळजवळ सहापट बोलतात!

पण नुसतं गप्प बसून भागत नाही. समजा, एक बाई सांगतेय, "आईला वृद्धाश्रमात ठेवलंय. भाऊ म्हणतो, ठीक केलंस." काका म्हणतील, "मग झालं तर! मनाला लावून घेऊ नकोस." समुपदेशक म्हणेल, "भावाला पटलंय, पण तुम्हाला पटत नाहीये."

ती थांबते. "नाही, पटलंय. रात्री शांत झोप लागते. त्याचीच लाज वाटते."

म्हणजे समुपदेशकाचा अंदाज चक्क चुकला, आणि तरी काम झालं. त्याचं वाक्य निकाल नव्हता, तपासायला पुढे केलेला अंदाज होता. 'नाही' म्हणायला जागा होती, म्हणून नेमकी भावना बाहेर आली. काकांना 'नाही' म्हणायची सोय नसते.

रॉजर्सने १९५७मध्ये बदलासाठी सहा अटी मांडल्या. सच्चेपणा, विनाअट स्वीकार, समानुभूती (म्हणजे समोरच्याच्या जागी उभं राहून त्याचं मन समजणं) या तीन सगळ्यांना पाठ असतात. मला सहावी आवडते : हा स्वीकार आणि ही समानुभूती समोरच्यापर्यंत थोडी तरी पोचली पाहिजे. समुपदेशकाच्या मनात कितीही माया असो, पोचली नाही तर व्यर्थ.

समुपदेशक आणि समोरचा माणूस यांच्यातलं हे नातं मोजताही येतं. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिनने १९७९मध्ये त्याचे तीन धागे सांगितले : ध्येयावर एकमत, करायच्या कामावर एकमत, आणि जिव्हाळा. २०१८च्या एका एकत्रित विश्लेषणात २९५ अभ्यास होते. नातं आणि सुधारणा यांचा सहसंबंध (शून्य म्हणजे काहीच जुळत नाही, एक म्हणजे तंतोतंत जुळतं) ०.२७८ निघाला. याचा वर्ग केला की सुमारे ०.०८, म्हणजे लोकांच्या सुधारणेत जो फरक दिसतो त्यातला आठेक टक्के भाग नात्याशी जुळतो. शिवाय बरं वाटू लागल्यामुळेही नातं घट्ट होत असणार, तेव्हा कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हा गुंता आहेच.

आठ टक्के कमी वाटतात? या क्षेत्रात एकाच घटकासाठी ते भरपूर आहेत. 'एका सत्रात अवचेतन मन शंभर टक्के रीप्रोग्राम' अशी जाहिरात करणाऱ्यांना आधी त्यांचा आकडा विचारा.