ज्येष्ठांसाठीच्या मोफत सोयी आल्या कुठून? थोडी पार्श्वभूमी

मोफत व्यायामाचा वर्ग, वाचनालयात मोबाईल शिकवणारी बॅच, बसचा पास, तपासणी शिबिर, घरपोच जेवण, एकट्या माणसाला आठवड्यातून एकदा फोन करून गप्पा मारणारं कुणीतरी... ज्येष्ठांसाठीच्या या सोयी आता जगात इतक्या ठिकाणी आहेत की त्या कधीपासून आहेत हा प्रश्नच कुणाला पडत नाही. वयाचा पुरावा दाखवला की काम झालं. पण नुसत्या वयावर आत घ्यायची ही पद्धत फार जुनी नाहीये, साधारण ऐंशी वर्षांचा इतिहास आहे तिचा. त्याआधी शेकडो वर्षं म्हाताऱ्या माणसाला काही मोफत हवं असेल तर आपण कंगाल आहोत आणि आपल्याला विचारणारं कुणी नाही, हे आधी चारचौघांत सिद्ध करावं लागायचं. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते, की दारावर काय विचारलं जायचं.

इंग्लंडचं उदाहरण घेऊ, कारण तिथे हे सगळं कायद्यात लिहिलेलं आहे. 1601 च्या गरिबांच्या कायद्याने प्रत्येक गावावर आपापल्या निराधारांची जबाबदारी टाकली, त्यात म्हातारे आलेच. मग 1834 मध्ये कायदा कडक झाला, आणि धोरण असं ठरलं की मदत हवी तर वर्कहाऊसमध्ये, म्हणजे गरिबांना ठेवून त्यांच्याकडून काम करून घेणाऱ्या सरकारी घरात, येऊन राहा, आणि आतलं जगणं बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुराच्या जगण्यापेक्षा वाईटच असलं पाहिजे म्हणजे उगाच कुणी येणार नाही. आत गेलं की अंगावरचे कपडे काढून घ्यायचे, तिथला गणवेश घालायचा, बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. चाळीस-चाळीस वर्षं संसार केलेली जोडपीसुद्धा वेगळी केली जायची. 1847 मध्ये साठीपुढच्या जोडप्यांना एकत्र खोली मागायची मुभा मिळाली, पण तशा खोल्या फारच कमी ठिकाणी होत्या. हे वाचलं की कळतं, त्या काळच्या म्हाताऱ्यांना "मोफत" गोष्टीची एवढी धास्ती का होती. उपाशी राहीन पण तिथे जाणार नाही असं लोक म्हणायचे ते उगाच नाही.

पुढचा टप्पा पेन्शनचा. जर्मनीने 1889 मध्ये म्हातारपणाचा विमा आणला, वय ठेवलं 70, पण त्यात कामगाराने स्वतः वर्गणी भरायची होती. न्यूझीलंडने 1898 मध्ये वर्गणी न घेता सरकारी तिजोरीतून पेन्शन सुरू केलं, मात्र अर्जदार गरीब हवा आणि चांगल्या चालीचा हवा, आणि तिथल्या चिनी लोकांना तर त्यातून सरळ वगळलं होतं. ब्रिटनचा कायदा 1908 चा, पहिले पैसे वाटले 1 जानेवारी 1909 ला, सत्तरीपुढच्यांना आठवड्याला जास्तीत जास्त 5 शिलिंग. इथेही चाळणी होतीच, उत्पन्नाची मर्यादा होती, तुरुंगात जाऊन आलेल्याला ठरावीक वर्षं काही मिळणार नव्हतं, काम करायची सवयच नाही असं ज्याच्याबद्दल ठरेल त्यालाही नाही. पण त्यात एक छोटी गोष्ट फार शहाणपणाची केली होती, पैसे मिळायचे ते पोस्टात. गरिबांच्या खात्याच्या ऑफिसात जाऊन खाली मान घालून उभं राहायचं नाही, पोस्टात सगळेच जातात, कुणी तिकीट घ्यायला कुणी मनीऑर्डर करायला, त्याच रांगेत आपण. मला वाटतं रकमेइतकंच महत्त्व त्या रांगेला होतं.

पेन्शनमुळे पोटाचा प्रश्न थोडा सुटला पण दिवसाचा नाही सुटला. म्हणजे असं की कारखानदारीत निवृत्तीचं वय ठरलं, माणसं जास्त जगायला लागली, मुलं कामासाठी दुसरीकडे गेली, आणि पहिल्यांदाच अशी पिढी आली की जिच्याकडे काम नाही पण पुढे दहा-पंधरा वर्षं आहेत. आपण आज ज्याला ज्येष्ठ नागरिक केंद्र म्हणतो ते यातूनच आलं. न्यूयॉर्कमध्ये ब्राँक्स भागात 1943 साली शहराच्या समाजकल्याण खात्याने विल्यम हॉडसन सेंटर सुरू केलं, अमेरिकेतलं हे पहिलं असं केंद्र मानतात. हॉडसन हे त्या खात्याचे आयुक्त, त्याच वर्षी जानेवारीत विमान अपघातात गेले, त्यांचं नाव दिलं. यामागची गोष्ट अशी सांगतात की मदतीच्या कामासाठी येणारी म्हातारी माणसं काम झालं तरी उठायची नाहीत, काहीतरी निमित्त काढून परत यायची, बोलत बसायची, आणि तिथल्या कार्यकर्त्यांच्या लक्षात आलं की यांना अर्जापेक्षा बोलायला माणूस हवाय. हे लक्षात येणं हीच खरी सुरुवात. कारण तोवर सरकारी खातं विचारायचं तुमच्याकडे काय कमी आहे, अन्न कपडा औषध भाडं, आणि सोबत कमी आहे हे उत्तर कुठल्याच फॉर्ममध्ये बसत नव्हतं. मग 1947 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत असंच केंद्र निघालं आणि पुढे ही कल्पना पसरत गेली.

जेवणाचंही तसंच. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धात महिला स्वयंसेविकांनी घरोघर गरम जेवण पोचवायला सुरुवात केली, अमेरिकेत फिलाडेल्फियात 1954 मध्ये अशी सेवा निघाली, तिथे शाळकरी मुलं-मुली ताटं पोचवायची. जेवण घेऊन रोज कुणीतरी दार वाजवतं याचा फायदा जेवणाइतकाच मोठा, कारण दार उघडलं नाही तर काहीतरी बिघडलंय हे त्याच दिवशी कळतं.

आता बसच्या पासची गोष्ट, ही मला फार महत्त्वाची वाटते आणि ती फारशी कुणी सांगत नाही. बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेने 1950 च्या दशकात ठरवलं की 65 च्या पुढच्या बायका आणि 70 च्या पुढचे पुरुष यांना आपल्या बसमध्ये फुकट प्रवास. एक करदाता कोर्टात गेला, म्हणाला माझ्या पैशातून ठरावीक लोकांना ही भेट कशी काय देता? आणि जिंकला! अपील कोर्टानेही 1954 मध्ये सांगितलं की नगरपालिकेला हा अधिकारच नाही. म्हणजे एका शहराला आपल्या म्हाताऱ्यांना बसमध्ये फुकट बसवायचं होतं आणि तेच बेकायदेशीर ठरलं. मग संसदेला 1955 मध्ये कायदा करून आधीपासून चालू असलेल्या सवलती वाचवाव्या लागल्या, 1964 मध्ये तो अधिकार सगळ्याच पालिकांच्या बससेवांना मिळाला, आणि सगळ्या इंग्लंडभर चालेल असा मोफत पास यायला 1 एप्रिल 2008 उजाडला. तेव्हा कुणी म्हणालं ना की म्हाताऱ्यांना पास काय सरकार सहज देतं, तर त्यांना ही केस सांगावी. यातलं काहीही सहज मिळालेलं नाही.

अमेरिकेत मोठं वळण आलं 1965 मध्ये. 14 जुलैला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ओल्डर अमेरिकन्स ॲक्टवर, म्हणजे ज्येष्ठांसाठीच्या सेवांच्या कायद्यावर, सही केली. त्यातल्या सेवांसाठी 60 पूर्ण एवढं पुरे, पगाराचा दाखला नको, घरात कोण कमावतं ते नको. ज्यांची अडचण जास्त त्यांच्यापर्यंत आधी पोचा असं नंतर सांगितलं गेलं, पण दारावर उत्पन्न विचारायचं नाही हे टिकलं. 1972 मध्ये याच कायद्याखाली एकत्र जेवणाचा कार्यक्रम आला, आठवड्यातले पाच दिवस निदान एक वेळ गरम जेवण, दिवसाच्या पोषणाचा निदान तिसरा हिस्सा त्यातून मिळेल असं, आणि शक्य तिथे सगळ्यांनी एकत्र बसून. पैशाचं काय, तर बंद पेटी ठेवायची, ज्याला टाकायचे त्याने टाकावे, कुणी किती टाकले, टाकले की नाही, ते कुणी बघायचं नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे ही पेटी. कारण खूप माणसांना फुकट घ्यायला जड जातं, आयुष्यभर कमावून खाल्लेलं असतं, त्यांना चार नाणी टाकायची सोय हवी असते, आणि ज्याच्याकडे नाहीत त्याची लाजही राखली जाते.

1973 मध्ये फ्रान्समध्ये तुलूजला पिएर व्हेलास या प्राध्यापकांनी निवृत्त लोकांसाठी विद्यापीठाची दारं उघडली, तिसऱ्या वयाचं विद्यापीठ म्हणून ती चळवळ जगभर गेली. ब्रिटनमध्ये ती 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला आली तेव्हा तिचं रूपच बदललं, तिथे प्राध्यापक नाहीत, परीक्षा नाही, सभासदच एकमेकांना शिकवतात, ज्याला खगोलशास्त्र येतं तो ते शिकवतो आणि दुसऱ्या दिवशी तोच कुणाकडून तरी चित्रकला शिकायला बसतो, मानधन कुणालाच नाही. म्हणजे सेवा घेणारा आणि देणारा ही भिंतच पडली.

मोफतच्या मर्यादाही लवकरच दिसल्या. जपानने 1973 मध्ये सत्तरीपुढच्यांचे औषधोपचार मोफत केले, त्याच वर्षी तेलाचं संकट आलं, खर्च भराभर वाढला आणि 1983 मध्ये थोडे पैसे रुग्णाकडून घ्यायला सुरुवात झाली. त्या काळात दवाखान्यांच्या वेटिंग रूम म्हणजे म्हाताऱ्यांच्या गप्पांचे अड्डे झालेत अशी टीका खूप व्हायची. मला मात्र त्यात टीकेपेक्षा माहिती जास्त दिसते, ब्राँक्सच्या ऑफिसात जे दिसलं होतं तेच इथे, की बसायला बोलायला दुसरी जागा नसेल तर माणूस जिथे फुकट बसता येतं तिथे जाऊन बसतो. गप्पांची जागा दवाखान्यापेक्षा कितीतरी स्वस्तात चालते.

पुढे संयुक्त राष्ट्रांनी 1982 ला व्हिएन्नात परिषद घेतली, 1991 पासून 1 ऑक्टोबर हा ज्येष्ठांचा दिवस पाळला जाऊ लागला. त्यापेक्षा उपयोगाचं म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचं 2007 चं ज्येष्ठस्नेही शहरांचं मार्गदर्शक, 33 शहरांतल्या लोकांशी बोलून केलेलं. त्यात बसायला बाक, स्वच्छ संडास, थांबून चढू देणारी बस अशा साध्या गोष्टी आहेत, कारण वर्ग मोफत असला तरी तिथपर्यंत जाताना वाटेत बसायला काही नसेल तर ऐंशीचा माणूस जाणार कसा. साधारण त्याच काळात ऑस्ट्रेलियात 1990 च्या दशकापासून सुरू झालेले मेन्स शेड, म्हणजे पुरुषांनी एकत्र येऊन हाताने काम करायच्या जागा, पसरत होते, केंद्रात जाऊन गप्पा मारायला न येणारे पुरुष करवत-हातोडी घेऊन लाकूडकाम करायला मात्र येतात हे त्यांनी ओळखलं होतं.

2020 च्या आसपास जगात साठीपुढची माणसं 1 अब्ज झाली, 2050 पर्यंत 2.1 अब्ज होतील असा अंदाज आहे. आणि नेमकं आता दारावर नवीन प्रश्न आलाय. वर्ग मोफत, पण नाव नोंदवायचं ॲपवर. पास मोफत, पण फॉर्म फक्त ऑनलाईन, ओटीपी जाणार मुलाच्या नंबरवर आणि मुलगा त्या वेळी मीटिंगमध्ये, तोवर ओटीपीची मुदत संपली, परत पहिल्यापासून. ज्यांना या सोयीची सगळ्यात जास्त गरज, एकटे राहणारे, नजर कमी झालेले, तेच यात आधी गळतात, आणि यादीत ते दिसतच नाहीत म्हणून गळाले हेही कुणाला कळत नाही. 2007 च्या त्या मार्गदर्शकात यावरही लिहून ठेवलंय, माहिती मोठ्या अक्षरात छापा, तोंडी सांगा, फोनवर सावकाश बोला. तेव्हा कुणी अशी सोय नव्याने सुरू करत असेल तर माझं एवढंच म्हणणं आहे, ॲप ठेवा, पण एक फोन नंबर आणि एक कागदाची वहीसुद्धा ठेवा, आणि तो फोन उचलायला माणूस ठेवा.