टेरेझीन (थेरेझिनस्टाट)

चेक प्रजासत्ताकातील तटबंदीचे गाव आणि दुसऱ्या महायुद्धातील यहुद्यांची छावणी. प्रागच्या उत्तरेस सुमारे ६० किमी. ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा जोसेफ याने अठराव्या शतकाच्या अखेरीस हा किल्ला बांधून त्याला आपल्या आईचे, मारिया थेरेझाचे, नाव दिले. युद्धापूर्वी सैनिक धरून येथे सुमारे ७,००० लोक राहत. नोव्हेंबर १९४१ मध्ये नाझींनी येथे यहुद्यांना कोंडायला सुरुवात केली आणि १९४२ च्या सप्टेंबरात याच गावात ५८,००० च्या वर माणसे दाटली होती. माळे, तळघरे, तबेलेसुद्धा सुटले नाहीत.

युद्धाच्या अखेरपर्यंत येथे सुमारे १,४०,००० यहुदी आणले गेले. त्यांपैकी सुमारे ३३,००० भुकेने आणि रोगराईने येथेच मेले. सुमारे ८८,००० जणांना आगगाड्यांतून पुढे ऑश्विट्झ, ट्रेब्लिंका अशा ठिकाणी धाडले गेले. त्यांतले फार थोडे वाचले. विषारी वायूने माणसे मारणे येथे होत नसे, म्हणून टेरेझीन ‘सौम्य’ छावणी होती असे कधीकधी म्हटले जाते. ते चूक आहे. संहारछावण्यांकडे जाणाऱ्या वाटेवरचा हा थांबा होता.

जगाच्या डोळ्यांत धूळ फेकण्यासाठीही नाझींनी टेरेझीन वापरले. जर्मनीतल्या वृद्ध यहुद्यांकडून ‘गृहखरेदी करार’ लिहून घेण्यात आले: सारी पुंजी द्या, मरेपर्यंत तुमची काळजी घेऊ. सही करून आलेल्या म्हाताऱ्यांच्या वाट्याला माळ्यावरची जमीन आली. २३ जून १९४४ रोजी रेडक्रॉसचे प्रतिनिधी पाहणीला येणार होते. त्याआधी भिंती रंगवल्या, फुलझाडे लावली, दुकाने मांडली. गर्दी कमी दिसावी म्हणून मे महिन्यातच सुमारे ७,५०० जणांना ऑश्विट्झला पाठवून दिले. पाहुण्यांसाठी मुलांनी हान्स क्रासाचा ‘ब्रुंदिबार’ हा संगीतिकेचा खेळ केला. छावणीत त्याचे ५५ प्रयोग झाले. गाणारी मुले गाडीत चढवली गेली की त्यांच्या जागी दुसरी घ्यावी लागत. भेटीनंतरचा अहवाल नाझींना हवा तसाच झाला. पुढे येथे एक प्रचारपटही चित्रित करण्यात आला आणि त्यात दिसणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्याच शरद ऋतूत ऑश्विट्झला नेले. क्रासा, संगीतकार व्हिक्टर उलमान आणि पावेल हास हे तिघे ऑक्टोबर १९४४ मध्ये तेथे मारले गेले.

छावणीत शिकवायला बंदी होती, तरी कोंदट खोल्यांत मोठी माणसे मुलांना चोरून शिकवत राहिली. चित्रकार फ्रीडल डिकर-ब्रँडाइस चित्रकलेचे वर्ग घेत. कागद मिळत नसे, म्हणून मुले जुन्या कचेरीच्या फॉर्मांच्या पाठीवर काढत: घरातले टेबल, फुलपाखरू, डोंगर, कधी तिमजली बंक. चित्रावर स्वतःचे नाव घालायचे, असा फ्रीडल यांचा आग्रह होता. मुलांच्या छळवाद्यांनी त्यांना यादीतला आकडा केले होते. ही सही त्यांना पुन्हा नाव देत होती. ऑक्टोबर १९४४ मध्ये फ्रीडल यांचीही गाडी निघाली आणि ऑश्विट्झला त्या मारल्या गेल्या. जाण्याआधी सुमारे ४,५०० चित्रे दोन सूटकेसींत भरून लपवली गेली होती. युद्धानंतर ती प्रागच्या यहुदी संग्रहालयात पोचली. काढणाऱ्यांपैकी बहुतेक मुले तोवर जिवंत नव्हती. चित्रांवरची नावे मात्र आजही वाचता येतात.